एका खुर्चीची खोली

सेलू, २३ जून २०२५

योगू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र टीव्हीच्या मागे सारून ठेवशील. आचल ते काढून वाचेल आणि जेवताना तुला थोडंथोडं सांगेल. तसं झालं तरी चालेल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी बाबांचं नाव निघालं की तुला दुसरं काम आठवतं. कागदावर मला निदान पुरं बोलता येतं.

आधी हे वाच, की बाबा आता घरी आहेत आणि चालतात-फिरतात. मे महिन्याच्या शेवटी दुकानात कापड मोजता मोजता त्यांच्या डाव्या हातातून मीटरपट्टी गळून पडली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आपल्या दुकानातल्या सचिनने तसंच गाडीत घालून सावंगीच्या दवाखान्यात नेलं. वेळेत पोचलो म्हणून निभावलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हात अजून जड आहे, पण बोलणं साफ आहे.

तुला कळवलं नाही, कारण बाबांनी मला शपथ घातली होती. हे मी खोटं लिहिलं. त्या दिवशी त्यांना बोलताच येत नव्हतं तर शपथ कुठून घालतील. मीच कळवलं नाही. कळवून तू आला नसतास तर मला ते सोसलं नसतं.

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. सचिनच्या खांद्यावर हात ठेवून थेट गाण्याच्या खोलीत गेले. तुला ती खोली आठवतेच. मी इतक्या वर्षांत तिचे नियम पाळता पाळता म्हातारी झाले. बाबा ऐकायला बसले की मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही. फ्रिज सुरू होतानाचा टक आवाज स्पीकरमधून येतो म्हणून फ्रिजसुद्धा बंद करायचा, आणि मग उन्हाळ्यात दूध नासलं की तेही मीच बघायचं. तुझी दहावीची परीक्षा असताना तू पायरीवर बसून अभ्यास केलास, कारण आत बोलून पाठ करायची सोय नव्हती.

पण त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, माणूस परत आला. अॅम्प्लिफायरचे ते काचेचे दिवे लागले, रेकॉर्ड फिरायला लागली, आणि मी स्वयंपाकघरात आपणहून फ्रिज बंद केला.

एक कडवंही झालं नसेल. आवाज थांबला. मी गेले तर बाबा उभे होते. म्हणाले, "इथं कोणं हात लावला?"

मी म्हटलं, कोणी नाही, खोलीला कुलूप होतं. तर म्हणाले, तुम्ही सगळे दवाखान्यात होता, एसी बंद राहिला, उन्हानं मशीन बिघडली. दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली. प्रत्येक वेळी सुई उचलून ठेवली. पत्र्यावर गिट्टी टाकल्यासारखं ऐकू येतं म्हणाले.

मला तर काही फरक वाटला नाही. पण माझे कान ते कसले कान.

नागपूरहून गोपालला बोलावलं आहे. रक्षाला आजीचा पापा. तिचा एखादा फोटो सचिनच्या फोनवर पाठव, तो मला दाखवतो.

आई


सेलू, १४ जुलै २०२५

योगू,

फोटो मिळाला. पिवळ्या रेनकोटमधला. तू पाठवलास की आचलने, ते सचिनला विचारलं नाही.

गोपाल येऊन गेला. बाबांच्या सगळ्या मशिनी तोच बघतो, तुझ्या लग्नात जेवायलाही होता. अर्धा दिवस बसला. वायरी काढल्या, पुसल्या, दिवे बदलून पाहिले, आपला मीटर लावला. शेवटी म्हणाला, काका, मशीन झकास आहे, मला तर आधीपेक्षा चांगली वाटते. बाबांनी त्याला जेवूही दिलं नाही. म्हणाले, तुझेच कान गेले. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला पिशवीत भाकरी बांधून दिली आणि फाटकापर्यंत सोडून आले.

मग बाबांनी मला बोलावलं. एक रेकॉर्ड लावली आणि विचारलं, "तू खरं सांग. तुले कसं वाटते?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी दारात उभी होते, पदराला पिठाचे हात. आतून बाई गात होती, जशी नेहमी गाते तशीच. आणि बाबांचा चेहरा असा, जसा परीक्षेच्या निकालाला उभ्या पोराचा असतो. मी म्हटलं, हो, थोडं फाटल्यासारखं येतं.

त्यांना इतकं बरं वाटलं योगू. खाली बसले आणि म्हणाले, पाह्य, मी म्हणतच होतो. आता हे माझं बोलणं मला मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून ते बिघाड शोधतात आणि मी त्यांच्या मागे टॉर्च धरून उभी असते.

परवा त्यांना वाटलं की भिंतीला ओल लागली, तिच्यामुळे आवाज फुटतो. म्हणून सचिन आणि दुकानातल्या दोघांना बोलावून दोन्ही स्पीकर खोलीबाहेर काढले आणि ओसरीत आणून ठेवले. उचलायला, फिरवायला, दारातून काढायला काही वेळ लागला नाही. चहा उकळेपर्यंत खोली रिकामी.

मी त्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिले. तुझं सगळं म्हणणं एवढंच तर होतं, रक्षा झाली त्या मे महिन्यात. आचलच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून बाळंतपण आपल्याकडे. बाहेर आग ओकणारं ऊन, कूलरच्या ओल्या हवेने रक्षाची छाती भरलेली, आणि घरात एसी एकाच खोलीत. तू म्हणालास, उन्हाळा उतरेपर्यंत स्पीकर बाहेर काढू, पाळणा आत लावू. बाबा म्हणाले, ते स्पीकर बोटभर हलले तरी पुन्हा तसे बसत नाहीत, दुसरा एसी आणू. दुसरा एसी घराच्या वायरिंगला झेपत नव्हता आणि लाइनमन येत नव्हता. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त हो म्हटलं नाही. तिसऱ्या दुपारी तू आचलला आणि बाळाला ओल्या चादरीत गुंडाळून नाचणगावला सासुरवाडीला घेऊन गेलास, आणि तिथून नाशिकला.

स्पीकर ओसरीत उभे होते तेव्हा बाबाही त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या मनात तेच आलं की दुसरं काही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मग म्हणाले, भिंत कोरडी आहे, आत ठेवा.

आई


सेलू, ४ सप्टेंबर २०२५

योगू,

मशीन बिघडलेली नाही. आता ते बाबांनाही कळलं आहे.

शेजारच्या हरिदासभाऊंकडे गणपतीत भजन असतं, तुला माहीतच आहे, खंजिरी घेऊन त्यांची मंडळी बसते. बाबा तिथं दरवर्षी जातात आणि परत येऊन कोणाचा सूर कुठं घसरला ते मला सांगतात. यंदा मीच आग्रह केला. म्हटलं, घरात बसून वायरी चिवडण्यापेक्षा माणसांत बसा.

पहिलं भजन सुरू झालं आणि बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं पाणी हवं आहे. ते मोठ्यानं म्हणाले, "काय चालू आहे हे? भांडे काऊन आपटून राह्यले?"

सगळे थांबले. एकाच्या हातातली खंजिरी तशीच वर राहिली. हरिदासभाऊ समजूतदार माणूस, ते हसून म्हणाले, प्रभाकरराव, आज आमचं जमत नाही खरं. पण बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते खंजिरीकडे बघत होते. त्यात मशीन नव्हती, वायर नव्हती, दिवा नव्हता. चामडं आणि माणसाचा हात. ते मला म्हणाले, घरी चाल.  फाटक उघडताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, आणि हात जड झालेला डावा नव्हता, धड असलेला उजवा होता.

सावंगीला पुन्हा नेलं. कानाची तपासणी केली, ती चांगली निघाली. वयाच्या मानानं फारच चांगली. मग डोक्याच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला दोघांनाही बसवून नीट सांगितलं. ऐकू सगळं येतं. बोलणं कळतं, माणसाचा आवाज ओळखू येतो, दाराची कडी, गाडीचा हॉर्न, सगळं. पण सुरांना जोडून त्यांचं गाणं करायचं काम डोक्यात जिथं होतं, नेमका तिथंच झटका बसला. म्हणून गाणं त्यांना कचरा ओतल्यासारखं ऐकू येतं. असं कधीकधी होतं म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, परत येते का. त्या म्हणाल्या, काहींचं थोडं परत येतं, काहींचं नाही. औषध काय, तर याला औषध नाही, वाट पाहायची. बाबांनी मान हलवली आणि त्यांचे आभार मानले. दुकानात गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी ते असेच आभार मानतात.

येताना गाडीत सचिनने सवयीनं गाणी लावली होती. मी पुढं वाकून बंद केली. बाबा म्हणाले, राहू दे, त्याले ऐकू दे. पण सचिननेही परत लावली नाहीत.

आता घर कसं आहे ते सांगते. मी कधीही मिक्सर लावते. कुकर शिट्ट्या देतो. फ्रिज चालूच असतो, दूध नासत नाही. हेच तर मला हवं होतं, असं तू म्हणशील. बाबा स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर येऊन बसतात आणि मी लसूण सोलते ते बघतात. त्यांना पाठवू तरी कुठं?

आई


सेलू, ९ ऑक्टोबर २०२५

योगू,

तुझा निरोप सचिनच्या फोनवर आला. "सगळं विकून टाका." सचिनने मला वाचून दाखवला आणि मग उगाच दुकानाचं शटर साफ करायला गेला. मी बाबांना तो दाखवला नाही. तू रागानं लिहिलंस की काळजीनं, हे त्या तीन शब्दांवरून मला समजेना.

एक गोष्ट घडली आहे. ती तुला सांगावी की नाही, मी ठरवत होते. बाबांची बाजू घेते असं तुला वाटेल. पण तुझ्याशिवाय ती कळेल असं दुसरं माणूस नाही. लहानपणी त्यांनी तुला एकट्याला त्या खोलीत मांडीवर घेतलं होतं.

परवा संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. खोलीत खुर्ची एकच आहे, तुला ठाऊक आहे, आणि ती हलवायची नसते. मी इतक्या वर्षांत तिथली फरशी पुसली, पण त्या खुर्चीवर कधी बसले नाही. कोणी बसू नको म्हटलं नव्हतं. बसावंसं वाटलं नाही. बाबा म्हणाले, बैस. स्वतः भिंतीशी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले. मला म्हणाले, मला सगळ्या रेकॉर्डी पाठ आहेत, फक्त कुठं काय चालू आहे तेवढं तू सांगत जा, बाकीचं मी मनात लावतो.

मी म्हटलं, मला वाद्यांची नावं येत नाहीत. ते म्हणाले, नावं नको, जसं येते तसं सांग.

रेकॉर्ड लागली. आणि योगू, मी घाबरून मागं सरकले. ती बाई खोलीत होती. दारातून ऐकताना आवाज स्पीकरच्या पेटीतून यायचा, एक या पेटीतून, एक त्या. खुर्चीवर बसल्यावर पेट्या जणू राहिल्याच नाहीत. बाई समोर भिंतीपुढे उभी होती, माझ्याहून थोडी उंच. तिनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. तबला तिच्या डाव्या हाताला, थोडा मागे, जमिनीवर. मी एवढी वर्षं ज्याच्याशी भांडत होते ते हे होतं, आणि ते मला त्या दिवशी कळलं, जेव्हा ज्यानं ते उभं केलं त्यालाच ते गाणं म्हणून ऐकू येत नाही.

बाबा म्हणाले, "दिसते का?"

मी म्हटलं, "दिसते."

"कुठं उभी आहे?"

मी हात लांब करून दाखवलं. ते त्या जागी बघत राहिले. मला सांगता येईना. मी म्हटलं, आता ती वर गेली, आता हळू झाली, आता तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं काहीतरी वाजतं. ते म्हणाले, ते संतूर. मग म्हणाले, संतूर अजून यायले वेळ आहे, तू मागंपुढं करून राह्यली. मी पुन्हा नीट ऐकून सांगायला लागले, तर तोवर पुढचं निघून गेलं. मी सांगायची आणि गाणं पुढं पळायचं. ते डोळे मिटून पकडायला बघायचे. शेवटी त्यांचा धागा सुटला. त्यांनी डोळे उघडले आणि मला कळलं की त्यांना आतून फक्त तो पत्र्याचा आवाज येत होता आणि त्यावर माझी बडबड.

मी म्हटलं, उद्या पुन्हा करू, मला सवय होईल. ते म्हणाले, हो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

दिवाळीला आचल नाचणगावला येणार असं तिच्या आईकडून कळलं. तूही येतोस का, ते त्यांनी सांगितलं नाही.

आई


सेलू, ३० ऑक्टोबर २०२५

योगू,

आचल आली होती, रक्षाला घेऊन. तिनं तुला सांगितलंच असेल. नसेल सांगितलं तर तिच्यावर रागावू नकोस, मी लिहू का म्हणून तिला विचारलं आणि ती लिहा म्हणाली. तुला सुटी मिळाली नाही, असंही तिनंच सांगितलं. मी ते खरं धरलं आहे.

तिचा भाऊ फाटकाशी गाडी लावत होता तेव्हाच बाबा ओसरीतून उठले. रक्षा आईच्या मागे दडली. किती तुझ्यासारखी आहे, भुवयांमध्ये तीच आठी. बाबांना तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. त्यांनी तिला दुकानातून आणलेली झालर दाखवली, रंगीत गोंडे दाखवले. तिनं विचारलं, ती मोठी पेटी कशाची आहे. बाबा म्हणाले, चाल, दाखवतो.

बाबांनी तिला सँडल काढायला सांगितली नाही. सँडलसकट ती त्या खुर्चीवर चढली, उतरली, स्पीकरपाशी जाऊन उभी राहिली. आचलचा जीव वरखाली होत होता, ती सारखी म्हणे, रक्षू, हात नको लावू. बाबांनी एका हातानं रेकॉर्ड काढली, एका हातानं लावली. ठेका सुरू झाला आणि पोरगी नाचायला लागली. गोल गोल फिरत होती, फ्रॉक धरून. बाबा मोढ्यावर बसले होते आणि मोढ्याची कड त्यांनी घट्ट पकडली होती. कपाळावर घाम आला होता, एसी चालू असून. आचलला सगळं माहीत आहे. ती हळूच म्हणाली, बाबा, बंद करू का.

ते म्हणाले, "राहू दे. तिले आवडून राह्यलं."

रेकॉर्डची एक बाजू पुरी संपली. तेवढा वेळ त्यांनी तो आवाज सोसला. मी दारात उभी होते आणि मला काही करता येत नव्हतं. बंद केलं असतं तर त्यांना राग आला असता, आणि चालू ठेवलं तर ते असं.

मग रक्षानं बालवाडीतलं गाणं म्हणून दाखवलं. हात हलवून, डोळे फिरवून. तिच्या पहिल्याच ओळीला बाबांचा चेहरा आकसला, त्यांना आवरता आलं नाही. पोरांना लगेच कळतं. ती मधेच थांबली आणि आईकडे बघायला लागली.  मी पुढं झाले, पण बाबांनी मला हातानं थांबवलं. तिला जवळ ओढून म्हणाले, "गाऊ नको बाळा. मले सांग. गाण्यात काय होते ते सांग."

तिनं थोडा विचार केला. मग सांगायला लागली. एक पोपट असतो. तो मिरची खातो. त्याला लई तिखट लागतं. मग तो पाणी मागतो तर कावळा पाणी देत नाही. बाबांनी विचारलं, काऊन देत नाही? ती म्हणाली, गाण्यात ते नाही सांगितलं. बाबा म्हणाले, मग पोपटानं काय केलं? असं ते दोघं किती वेळ बोलत बसले. खूप दिवसांनी मी त्यांना एखादी गोष्ट शेवटपर्यंत ऐकताना पाहिलं. त्यांचा धागा सुटला नाही.

परत जाताना रक्षानं गाडीच्या काचेतून मला विचारलं, आजोबाला गाणं काऊन नाही समजत. मी म्हटलं, तुला सांगेन मोठी झालीस की. याहून चांगलं उत्तर तुझ्याजवळ असेल तर मला कळव.

आणि बाबांनी आचलला एवढंच विचारलं, की योगूचा आवाज अजून तसाच आहे का, सर्दी झाल्यासारखा. ती म्हणाली, तसाच आहे.

आता माझं म्हणणं ऐक. ते तुझी माफी मागतील, अशी आशा मी तुला लावत नाही. मी त्यांच्याबरोबर संसार केला आहे, त्यांना ते जमत नाही. त्या मे महिन्यात तुझ्या बाळाचे जे हाल झाले ते तू विसरावंस, असंही मला म्हणता येत नाही, मीसुद्धा विसरले नाही. पुढं त्यांचं गाणं परत येईल की नाही, दुसरा झटका येईल की काय, यातलं माझ्या हातात काही नाही. पण डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, माणसाचा आवाज त्यांना पूर्वीसारखाच ऐकू येतो. तेवढं एक त्यांच्यातलं कोणी नेलं नाही.

तू फोन कर. नाशकात पाऊस किती झाला सांग, कांद्याचा भाव सांग, काहीही सांग. मी फोन उचलेन, त्यांच्या उजव्या हातात देईन आणि मागच्या अंगणात जाऊन बसेन. काय बोललात ते विचारणार नाही.

आई